आपण की आम्ही?

भिवापूर म्हटलं की विदर्भातल्या माणसाला मिरची आठवते. हंगामात मिरचीचे सातरे लाल होतात, उजाडल्यापासून देठ तोडणाऱ्या बायांची लगबग सुरू असते आणि गावात शिरण्याआधीच नाकाला ठसका लागतो. २०१६ साली या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं. गेल्या हिवाळ्यात तिथे नात्यातल्या एका घरी गेलो होतो. नवं बांधकाम, बैठकीची पांढरी भिंत आणि भिंतीवर काळ्या चौकटीत एक पोस्टर. लाल पार्श्वभूमी, तीवर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि वरती इंग्लंडच्या राजाचा मुकुट. मजकूर एवढाच: शांत राहा आणि आपलं काम करत राहा.

घरातल्या मुलाने ते ऑनलाइन मागवलं होतं. मी विचारलं, "कशाचं आहे रे हे?" तो म्हणाला, "मालूम नाही काका, पण छान दिसते ना!"

छान दिसतच होतं. त्या मुलाला दोष देण्याचं कारण नाही. पुण्यामुंबईच्या कॉफीच्या दुकानांतही हेच चित्र दिसतं. पण घरी परतताना एक गोष्ट मनातून जाईना. त्या पोस्टरवर ज्या राजाचा मुकुट आहे, त्याच्याच नावाने चालणाऱ्या सरकारने १९४२ च्या ऑगस्टमध्ये भिवापूरहून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या चिमूर गावात गोळ्या झाडल्या होत्या. आज तो मुकुट त्याच परिसरातल्या एका बैठकीची शोभा झाला आहे. हा प्रवास कसा घडला, ते सांगण्यासाठी हा लेख.

न लागलेलं पोस्टर

१९३९ साली युद्ध तोंडाशी आलं, तेव्हा लंडनमध्ये माहिती खात्याची जुळवाजुळव चालली होती. विमानं शहरांवर बाँब टाकणार, लोक घाबरणार, तर त्यांचा धीर टिकवायचा कसा, हा प्रश्न होता. त्यासाठी तीन पोस्टरं ठरली. तिन्हींची मांडणी एकच: एकरंगी कागद, साधी ठळक अक्षरं, वर मुकुट. पहिल्यात स्वातंत्र्य धोक्यात आहे, सर्व शक्तीनिशी त्याचं रक्षण करा, असं आवाहन होतं. दुसऱ्यात तुमचं धैर्य, तुमची प्रसन्नता आणि तुमचा निर्धार विजय मिळवून देईल, असा दिलासा होता. तिसरं ते शांत राहण्याचं. ते सर्वांत कठीण प्रसंगासाठी राखून ठेवलं होतं. त्याच्या जवळपास साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या, पण सरकारने ते लोकांसमोर कधी आणलंच नाही. १९४० मध्ये कागदाची टंचाई आली आणि बहुतेक प्रतींचा लगदा झाला.

ते का अडलं, याचं उत्तर दुसऱ्या पोस्टरात आहे. त्यातल्या शब्दांनी सामान्य इंग्रज चिडला होता. धैर्य ‘तुमचं’, निर्धार ‘तुमचा’ आणि विजय मात्र ‘अस’ला, म्हणजे कोणाला? इंग्रजीत त्या एका शब्दात आपणही येतो आणि आम्हीही. मराठीत ही पळवाट नाही. ‘आपल्याला विजय मिळेल’ आणि ‘आम्हाला विजय मिळेल’ यांत काय फरक आहे, ते आपल्याकडे लहान मूलही सांगेल. लंडनच्या कामगाराने ते वाक्य ‘आम्हाला’ असं वाचलं: कष्ट तुम्ही करा, जिंकू आम्ही. पहिल्या दोन पोस्टरांवर अशी टीका झाल्यावर तिसरं कोठारातच राहिलं.

युद्धातलं प्रत्येक पोस्टर ‘आपण’ म्हणत भिंतीवर येतं. ते ‘आपण’ खरं होतं की त्याच्या आड कोणी ‘आम्ही’ म्हणत होतं, हे ठरवायला काळ जावा लागतो. इंग्लंडात निदान बोलणारे आणि ऐकणारे एकाच देशाचे होते, तरी एवढा गोंधळ झाला. आपल्याकडे काय झालं असेल?

नागपूर, १९३९

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कायदेमंडळाला विचारलं नाही, निवडून आलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारलं नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्याच वर्षी राजीनामे दिले. त्यांत नागपूरचं, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं रविशंकर शुक्लांचं मंत्रिमंडळही होतं. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. ज्या सरकारने लोकांशी ‘आपण’ म्हणून बोलायचं, त्या सरकारात लोकांचं माणूसच उरलं नाही.

पुढच्याच वर्षी या प्रांतातून युद्धप्रचाराला सर्वांत साधं उत्तर मिळालं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे उभे राहिले आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. माणसं देऊन किंवा पैसा देऊन इंग्रजांच्या युद्धाला मदत करणं चूक आहे. युद्धमात्राला अहिंसेने विरोध करणं हाच योग्य मार्ग आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. ना छापखाना, ना रंग, ना भिंत. एका माणसाने चौकात उभं राहून बोलायचं आणि तुरुंगात जायचं. चार दिवसांत विनोबांना अटक झाली. त्यांच्यामागून देशभर हजारो माणसं हेच वाक्य बोलत तुरुंगात गेली. सरकारने माणसं आणि पैसा मागितला होता. सत्याग्रह्याने नेमक्या त्याच दोन गोष्टी नाकारल्या.

आपल्या भिंतीला चित्राची सवय होती

सरकारी चित्र खेड्यात आलं तेव्हा मराठी घराची भिंत काही कोरी नव्हती. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथे छापलेली देवादिकांची आणि मराठी इतिहासातल्या पुरुषांची रंगीत चित्रं घराघरांत गेली. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या शिळाप्रेसवरची लक्ष्मी आणि सरस्वती चुन्याच्या भिंतींवर खिळ्याला टांगल्या गेल्या आणि चार पिढ्या तिथेच राहिल्या. चित्रपट आले तेव्हा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पोस्टरांनी रस्त्यावरची भिंतही बोलकी केली. १९३५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि जाहिरातीचं चित्र काढणं ही शिकण्याची विद्या ठरली.

राष्ट्रीय चळवळीनेही भिंत ओळखली होती. १९३६ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक रंगवले. दळणारी बाई, ढोल वाजवणारा, शिंपी, सुतार, पैलवान: जो माणूस अधिवेशनाला चालत आला, तोच भिंतीवर दिसत होता. त्या फलकांपैकी अनेक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. त्या चित्रांतलं ‘आपण’ समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण बघणारा स्वतःच त्यात होता.

युद्धकाळच्या सरकारी पोस्टरांना याच नजरेसमोर उभं राहायचं होतं.

कागद खेड्यापर्यंत

पोस्टर हे शस्त्र इंग्रज सरकारला नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, आल्फ्रेड लीट याने लॉर्ड किचनरचं बोट रोखलेलं चित्र काढलं आणि ते जगभर नकललं गेलं. हा किचनर त्याआधी १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याच युद्धात इथे भरतीसाठी उर्दूत छापलेलं एक पोस्टर लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये जपलेलं आहे. वर्दी, बंदूक आणि रुपये दाखवून त्यात विचारलं आहे की हे कोण घेणार. देशाचं नाव नाही, स्वातंत्र्याचा शब्द नाही. पगार आणि वर्दी पुढे ठेवून माणूस मागण्यात निदान लपवाछपवी नव्हती. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत युद्धपरिषद भरली, तेव्हा लोकमान्य टिळक मदतीबरोबर स्वराज्याचाही विषय काढू लागले. गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. ‘आपण’ म्हणायचं असेल तर बरोबरीने म्हणा, हेच त्यांचं सांगणं होतं.

दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा फार मोठी झाली. भरती, बचत, अफवा, अन्न, रेल्वे: प्रत्येक विषयाचं पोस्टर निघू लागलं, तेही निरनिराळ्या देशी भाषांत. पडद्यावरही प्रचार आला. १९४० साली सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमलं आणि त्याच्या निर्मितीची जबाबदारी व्ही. शांताराम यांच्याकडे आली; १९४२ मध्ये ते त्यातून बाहेर पडले. १९४३ मध्ये चित्रपटगृहांना सरकारमान्य फिल्म दाखवण्याची सक्तीच झाली. १९४२ साली ‘नॅशनल वॉर फ्रंट’ नावाची मोहीम निघाली. लोकांच्या मनातली पराभवाची भावना घालवणं आणि अफवांना तोंड देणं हे तिचं काम.

भिवापूर तेव्हा उमरेड तहसिलीतलं गाव. १९०८ साली नागपूर–नागभीड ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली होती आणि बंगाल–नागपूर रेल्वेच्या या लहानशा फाट्यावर भिवापूरचं स्टेशन होतं. सरकारचा छापील कागद खेड्यात शिरायचा तो अशाच वाटांनी: स्टेशन, टपालघर, तहसील कचेरी, पोलीस ठाणं. १९४१ च्या जनगणनेत देशातली साक्षर माणसं शंभरात सोळाच्या आसपास होती. म्हणून पोस्टरवर अक्षरं थोडी आणि चित्र मोठं. उरलेलं मास्तर, पाटील किंवा टपालवाला वाचून सांगणार आणि ऐकणारा ते आपल्या अनुभवाशी ताडून बघणार.

अनुभव निराळं सांगत होता. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून गेलं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले. ब्रह्मदेशातून चालत आलेल्या लोकांच्या हकिगती गावोगाव पोचल्या. लोक टपालखात्यातले पैसे काढू लागले, चांदीचा रुपया घरात दडवू लागले. त्या रुपयातली चांदी सरकारने १९४० मध्येच कमी केली होती आणि त्याच साली एक रुपयाची कागदी नोट आली होती. १९४३ मध्ये तांबं वाचवायला पैशालाच मधोमध भोक पाडलं. हा भोकाचा पैसा आपल्या आजीआजोबांनी जपून ठेवलेला अनेकांनी पाहिला असेल. बचतपत्रं घ्या, असं पोस्टर सांगत होतं; हातातला पैसाच पोकळ झालेला दिसत होता.

रेल्वेने गरज असेल तरच प्रवास करा, असा प्रचार चालवला, कारण इंजिनं आणि डबे लष्कराच्या कामी लागले होते आणि काही शाखामार्गांचे रूळ उखडून समुद्रापार नेले होते. अफवांविरुद्धची पोस्टरं तर जगभर निघाली. इंग्लंडात फुगास नावाच्या व्यंगचित्रकाराने १९४० साली एक मालिका काढली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत आणि त्यांच्या मागच्या बाकावर हिटलर आणि गोअरिंग कान देऊन बसले आहेत! ती चित्रं आजही हसवतात आणि विचारात पाडतात. पण इथल्या अफवांचं मूळ वेगळं होतं. जिथे खरी बातमी छापायला बंदी असते, तिथे लोक कानाने बातमी मिळवतात. याचा दाखला भिवापूरच्या अगदी शेजारी आहे.

चिमूर

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. पहाटे पुढारी पकडले गेले. मग भिंती लोकांच्या हातात आल्या. कोळशाने, गेरूने, खडूने ‘चले जाव’ आणि ‘करेंगे या मरेंगे’ लिहिलं गेलं. युरोपात त्याच काळात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियममध्ये लोक रात्री भिंतीवर ‘व्ही’ काढत होते. लंडनच्या रेडिओने १९४१ मध्ये सुचवलेली ती विजयाची खूण होती आणि तिचं कौतुक इंग्रजांनी जगाला सांगितलं. भिंतीवर लिहिणारा बेल्जियन शूर आणि भिंतीवर लिहिणारा नागपूरकर मात्र गुन्हेगार! चर्चिल यांनी १९४१ च्या सप्टेंबरमध्ये पार्लमेंटात स्पष्टच केलं होतं की अटलांटिक सनदेतलं लोकांनी आपलं सरकार निवडण्याचं तत्त्व मुख्यतः नाझींनी व्यापलेल्या युरोपसाठी आहे. हिंदुस्थान त्या गणतीत येत नाही. स्वातंत्र्य धोक्यात आहे, असं सांगणाऱ्या पोस्टरचा आपल्यापुरता अर्थ त्या दिवशी संपला.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. चिमूरला मिरवणूक निघाली. या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि भजनांनी माणसं आधीच जागी झाली होती. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. लोकांचा संयम सुटला आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही असंच रक्त सांडलं. तीन दिवसांनी चिमूरमध्ये लष्कर शिरलं. पुरुष पकडून नेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. नागपूरच्या काही स्त्रिया तिथे गेल्या, त्या बायकांचं म्हणणं त्यांनी ऐकलं आणि टिपून आणलं. डॉ. मुंजे यांनीही चौकशीची मागणी केली. सरकारने चौकशी नाकारली.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य बापूजी अणे यांच्याकडे गेले. तुम्ही या भागाचे आहात, चिमूरला चला आणि चौकशी करवा, एवढी त्यांची विनंती. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी उपवास आरंभला. तो साठाहून जास्त दिवस चालला. सरकारने या उपवासाची आणि चिमूरची बातमी छापायला बंदी केली. तेव्हा देशातली वर्तमानपत्रं उठली: ६ जानेवारी १९४३ रोजी त्यांनी अंक न काढता निषेध नोंदवला. शेवटी सरकारला बंदी उठवावी लागली आणि १२ जानेवारीला भन्साळींनी उपवास सोडला. चिमूर–आष्टीच्या खटल्यांत ज्यांना फाशी सुनावली होती, त्यांच्यापैकी कित्येकांचे जीव वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. १९४५ मध्ये त्या शिक्षा कमी झाल्या.

हा सगळा काळ सरकारी भिंतींवरचा प्रचार थांबला नव्हता. त्या हिवाळ्यात देशभर विजयाची, बचतीची आणि धीराची चित्रं लागत होती. चिमूरची बातमी मात्र कागदावर यायला पाच महिने आणि एका माणसाचे प्राण पणाला लागले. शेजारच्या गावांना ती नातेवाईक, बाजारकरू आणि गाडीवान यांच्या तोंडून कळत होती. सरकारच्या भाषेत ती अफवा. खरी बातमी अफवा ठरवायची आणि रंगीत चित्र ही बातमी म्हणून लावायची, युद्धप्रचाराचा सर्वांत मोठा दोष हा. माझ्या दृष्टीने त्या पोस्टरांचा निकाल चिमूरने लावला.

भूक आणि जवान

१९४३ साली ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम जोरात आली. सल्ला चांगलाच होता. शेतकऱ्याला तो वेगळा सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि रोगराईने गेली. चित्तप्रसाद या चित्रकाराने मिदनापूरचा भाग पायी फिरून भुकेल्या माणसांची चित्रं काढली आणि ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक छापलं. सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला राहिले आणि आयुष्यभर कष्टकऱ्यांची चित्रं काढत राहिले. एकाच देशात, एकाच वर्षी, एक चित्र सरकारी खर्चाने भिंतीवर चढलं आणि दुसरं सरकारी हुकमाने आगीत गेलं. दोन्ही कागदच होते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगितली पाहिजे. पोस्टर खोटं बोललं म्हणून पोस्टर पाहून किंवा पोटासाठी फौजेत गेलेला माणूस खोटा ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं परतली नाहीत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९२१ मध्ये मोडलेली महार पलटण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहाने १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिची पहिली बटालियन बेळगावला आणि दुसरी आपल्या नागपूरजवळच्या कामठीला. ज्यांना गावात पाण्याच्या जागी उभं राहू देत नव्हते, त्यांच्यासाठी वर्दी म्हणजे माणूस म्हणून उभं राहण्याची जागा होती. ते इंग्रजांच्या ‘आपण’ला भुलून गेले नव्हते, स्वतःचं ‘आपण’ उभं करायला गेले होते. पोस्टरवरच्या जवानाला चेहरा असतो, नाव नसतं. इतिहास लिहिणाऱ्याचं काम ते नाव परत देण्याचं आहे.

कोठारातून दिवाणखान्यात

युद्ध संपलं आणि पोस्टरं गेली. ती टिकायला केलेलीच नव्हती. स्वस्त कागद, खळ लावून चिकटवलेला. दोन पावसाळ्यांत भिंत पुन्हा कोरी. युद्धकाळात कागदाचाच दुष्काळ असल्याने पाठकोऱ्या बाजूचा उपयोगही लोकांनी करून घेतला. पुढे जी राहिली ती परदेशातल्या संग्रहालयांत, सरकारी दप्तरांत आणि काही हौशी संग्राहकांकडे.

मग २००० साली इंग्लंडच्या ॲनिक गावात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात घडी केलेलं लाल पोस्टर सापडलं. त्याने ते चौकट करून दुकानात लावलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, म्हणून त्याने प्रती छापल्या. पुढच्या दहा वर्षांत ते कपांवर, गंज्यांवर, उशांवर आणि जगभरच्या भिंतींवर गेलं. ज्या लोकांसाठी ते काढलं त्यांनी ते युद्धात पाहिलंच नव्हतं. अमेरिकेतही असंच झालं. दंड दाखवणाऱ्या, डोक्याला लाल रुमाल बांधलेल्या कामगार बाईचं चित्र १९४३ मध्ये जे. हॉवर्ड मिलरने एका कंपनीच्या कारखान्यांसाठी काढलं. तिथे ते दोनेक आठवडे लागलं आणि विसरलं गेलं. चाळीस वर्षांनी स्त्रीमुक्तीची खूण म्हणून ते पुन्हा उभं राहिलं. आज आपल्या भिंतीवर येणारी बरीच युद्धपोस्टरं अशी दुसऱ्या जन्मातली आहेत.

दुसरा जन्म वाईट नाही. ती मांडणी, ते ठळक रंग, चार शब्दांत सांगण्याचं कसब यांत खरंच शिकण्यासारखं आहे. विकत घ्यायचं असेल तर डोळसपणे घ्या. भिंग लावून पाहा: एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची छपाई असण्याची शक्यता जास्त, जुन्या शिळाछपाईत रंगाचे सपाट, किंचित खरखरीत थर दिसतात. खालच्या कडेला छापखान्याचं नाव किंवा क्रमांक आहे का ते बघा. इंग्लंडातली जुनी पोस्टरं बहुधा वीस बाय तीस इंचांची असत. खरा जुना कागद हाती आला तर त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आम्लरहित पुठ्ठ्यावर, काचेला न टेकवता चौकट करून घ्या.

आणि चौकटीखाली दोन ओळी लिहा. हे कोणी छापलं, कोणत्या साली आणि ते ‘आपण’ म्हणत होतं तेव्हा त्या ‘आपण’मध्ये कोण नव्हतं. भिवापूरच्या त्या घरातल्या मुलाला मी हेच सांगितलं. पोस्टर काढ असं म्हटलं नाही. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लाव आणि त्यावर १६ ऑगस्ट १९४२, चिमूर, एवढंच लिही, असं म्हटलं.

वाचकांनाही विनंती आहे. उमरेड, भिवापूर, नागभीड, चिमूर या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजून लोखंडी पेट्या आहेत. त्यांत त्या सहा वर्षांचे कागद असतील: रेशनचं कार्ड, युद्धनिधीची पावती, बचतपत्र, फौजेतून आलेलं पत्र, तुरुंगातून आलेलं पत्र, एखादं फाटकं भित्तिपत्रक. घर पाडून नवं बांधताना ते रद्दीत देऊ नका. घरातल्या जाणत्या माणसाला विचारून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा आणि सांभाळणं होत नसेल तर नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला किंवा अजब बंगल्यातल्या संग्रहालयाला ते दाखवा. लंडनचं पोस्टर लंडनवाले जपतील. चिमूरच्या काळातला आपला कागद आपल्यालाच जपायचा आहे.